मणक्याच्या ऑपरेशननंतर बोलेरोतून घाट आणि कच्चा रस्ता: सीटचं काय करावं?

सातपुडा_बोलेरो

नमस्कार मंडळी. वडील ६३ वर्षांचे, वजन ७१ किलो. कंबरेच्या मणक्याचं एल४-एल५ फ्युजन (चौथा-पाचवा मणका एकमेकांना जोडणं) सुरतेत झालंय, स्क्रू-रॉड टाकलेत. सध्या तिथेच नातेवाइकांकडे आहेत. आठव्या आठवड्यात एक्स-रे आहे. तो ठीक आला तर घरी न्या, पण एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका आणि दणके टाळा, असं सर्जननी सांगितलंय. कडक बेल्ट दिलाय, तो प्रवासात लावायचाच आहे.

घर धडगावच्या पुढे पाड्यावर. म्हणजे तळोद्यापर्यंत डांबरी, मग कोठारहून चांदसैली घाट, आणि धडगावनंतर शेवटचे ९ किमी खडी उखडलेला कच्चा रस्ता. गाडी जुनी बोलेरो, टायर २१५/७५ आर१५, मागे समोरासमोर बाकडी. पुढची डावी सीट मधोमध खचलीय.

डोक्यात असलेले पर्याय: (१) सीटवर ४ इंची मेमरी फोमची गादी, (२) मधे भोक असलेली गोल हवेची उशी, (३) मागची बाकडी काढून तिथे गादी टाकून झोपवून नेणं, (४) ट्रकला असते तशी हवेवरची सीट बसवून घेणं. यातलं काय चालेल? खर्चाची तयारी आहे, पण सुटे भाग मिळायला धुळे किंवा नंदुरबार गाठावं लागतं.

---

पाटे_आणि_शॉकअप

दादा, तुमचे चारही पर्याय सीटपासून सुरू होतात. सुरुवात खालून करा. दणका आधी टायर खातो, मग पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या एकावर एक लोखंडी पट्ट्या) आणि शॉकअप, आणि उरलेला सीटकडे येतो. खालचे दोन नीट नसतील तर वर कितीही महागडी गादी टाका, कंबरेला लागणारच.

टायरपासून बघू. बोलेरोला बऱ्याच जणांनी पिकअपचे लोडचे टायर चढवलेले असतात. टायरच्या बाजूला ८पीआर किंवा एलटी असं काही लिहिलंय का बघा. असेल तर त्याची भिंत जाड, ती दबतच नाही. या प्रवासापुरते कुणाचे तरी साधे प्रवासी टायर रिंगसकट मागून घ्या, तेवढ्यानेच अर्धा फरक पडतो. हवा डांबरी रस्त्याला दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. शेवटच्या ९ किमीला त्यातून साधारण पाव भाग कमी करा: ३२ पीएसआय असेल तर २४. पण हा आकडा थंड टायरचा आहे. घाट चढून आलेला टायर तापलेला असतो आणि ३-४ पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हा गरम असताना २७ वर थांबा. गरम टायर २४ ला आणलात तर थंड झाल्यावर तो २० वर जाईल, आणि मग धारदार दगडावर टायर रिंग आणि दगडात चिमटून भिंतीला कट बसतो. कमी हवेवर ३० किमीच्या वर वेग नको. १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर सोबत ठेवा, म्हणजे परतताना हवा भरता येईल.

आता मागचे पाटे. बोलेरो पुढे कॉइल स्प्रिंगवर आहे, मागे पाट्यांवर. माल वाहायला कुणी जादा पाटा टाकलेला असेल तर तो काढून घ्या. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, चिकटून एकच जाड पट्टी झाल्यासारखे वागतात. गाडी चासीखाली जॅक लावून उचला, एक्सल लोंबकळू द्या, पाटे थोडे उघडतात. तारेच्या ब्रशने घासा, पाण्याने धुवा, सुकवा, मग ग्रॅफाइट ग्रीस. जळकं ऑइल ओतू नका. त्यात धूळ बसून लगदा होतो आणि पाट्यांच्या टोकांच्या सांध्यातले रबरी बुश फुगतात. बुश चिरलेले, लंबगोल झालेले असतील तर बदला. खड्ड्यात मागून 'खट्' असा आवाज येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल तर जोडीने बदला. बंपर जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपले. बदलताना 'हेवी ड्युटी' घेऊ नका, कंपनीचेच साधे घ्या. आणि एक्सल व चासीच्या मधला रबरी ठोकळा जागेवर आहे का बघा. तो नेहमीच्या वजनात एक्सलपासून निदान चार बोटं वर हवा. ठोकळा गळून पडला असेल तर लोखंडावर लोखंड आपटतं, आणि तो एक दणका दिवसभराच्या धक्क्यांपेक्षा वाईट.

शेवटचं: रिकामी बोलेरो उडते. पाटे माल धरून बनवलेत, दोन माणसांत ते वाकतच नाहीत. मागच्या एक्सलच्या थोडं पुढे, फरशीवर ६०-८० किलो वजन ठेवा. रेतीची दोन पोती चालतील, पण दोरीने करकचून बांधलेली. त्याहून बरं, मधल्या सीटवर घरची दोन माणसं बसवा. मात्र वाटेत हात दाखवणाऱ्या प्रत्येकाला घेत गेलात तर आपल्याकडे गाडी कशी भरते ते माहीत आहेच. मग पाटे सपाट होऊन ठोकळ्यावर आपटायला लागतात.

---

फिजिओ_मीनल

वरचं सगळं बरोबर आहे, त्याला शरीराच्या बाजूची जोड देते.

बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हललं की सगळ्यात जास्त थरथरतं. कंबरेचे मणके नेमके याच पट्ट्यात जास्त ताण घेतात. जाड मऊ फोमवर माणूस बसला की त्या फोमचीही स्वतःची लय साधारण सेकंदाला ४ च्या आसपास येते. म्हणजे गादी धक्का शोषत नाही, त्याच लयीत आणखी वाढवून देते. म्हणून पर्याय १ रद्द. शिवाय ४ इंच उंची वाढली की पाय लोंबकळतात, डोकं छताजवळ जातं, गाडीचा पट्टा पोटावर चढतो. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उन्हात उभ्या गाडीत लोण्यासारखा दबतो, ती आणखी एक गंमत.

पर्याय २ तर नकोच. भोकाच्या कडेवर वजन एकवटतं, मधला भाग खाली ओढला जातो आणि वळणावर माणूस डुलतो. हवेची चौकोनी उशी वापरायचीच असेल तर टम्म फुगवून नाही. बसल्यावर बैठकीचं हाड आणि तळ यांच्यात १ ते २ सेंमी अंतर राहील इतकीच हवा. जेलचं पातळ पॅड कातडीला बरं, धक्क्याला निरुपयोगी.

पर्याय ३ बद्दल: आडवं झोपल्यावर कंबरेवरचा भार कमी होतो हे खरं. पण बोलेरोत ती जागा मागच्या एक्सलच्या वर आणि मागे येते, जिथे उसळी सगळ्यात जास्त. पट्टा नाही, धरायला काही नाही. करकचून ब्रेक लागला की माणूस सीटच्या पाठीवर जाऊन आदळेल. फ्युजन झालेल्या माणसाला हे करू नका. झोपवून न्यायचं तर स्ट्रेचर, पट्टे असलेली खाजगी रुग्णवाहिका बघा. (१०८ तातडीच्या रुग्णांसाठी आहे, घरी सोडायला नाही.)

पण सुरत ते नंदुरबार हा टप्पा गाडीने करताच कशाला? सुरत-भुसावळ लाइन नंदुरबारवरूनच जाते. थ्री एसीचा लोअर बर्थ घ्या, वडील सपाट झोपून येतील. साइड लोअर घेऊ नका: तो आखूड असतो आणि दोन तुकडे जोडून होतो, तो सांधा नेमका पाठीखाली येतो. सकाळी ६ ते रात्री १० लोअर बर्थवर इतरांनाही बसायचा हक्क असतो. आजारी माणसाला आडवं होऊ द्यावं अशी रेल्वेची सूचना आहे, पण त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा रात्रीची गाडी बरी. नंदुरबारच्या १५ मिनिटं आधी उठवून उभं करा, घाईत उठवू नका. त्या दिवशी नंदुरबारलाच मुक्काम, आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता बोलेरोतली जागा: पुढची डावी सीट, पूर्ण मागे सरकवलेली. दोन्ही एक्सलच्या मधे, पाठ मागे रेलवता येते, समोर रस्ता दिसतो म्हणून मळमळ कमी. उलटीची उबळ फ्युजनच्या पाठीला फार त्रास देते, तेव्हा घाटाची गोळी आधी सर्जनना विचारून घ्या. नवीन गाडीत समोर एअरबॅग असेल तर छाती त्यापासून निदान २५ सेंमी लांब हवी.

पाठीचा कोन ९० अंश नको. १००-११० ठेवा. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीतला दाब मोजून झालेल्या प्रयोगांत पाठ मागे रेलली आणि कंबरेला आधार मिळाला की दाब कमी होतो हे दिसलं होतं. पण त्याहून जास्त आडवी केली तर खड्ड्यात माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो.

कंबरेच्या उशीबाबत सगळे चुकतात ते इथे: जखम नेमकी त्याच उंचीवर, मधोमध असते. गोल गुंडाळी टेकवली तर ती टाक्यांच्या जागेवरच रुतते. मधे ५-६ सेंमी रुंद उभी खाच सोडलेली पसरट उशी करा, म्हणजे आधार दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मिळेल. कडक बेल्टच्या वर तर आणखी पातळ, २ सेंमी पुरे. जाड टाकली की धड पुढे ढकललं जातं.

बेल्ट उभं किंवा झोपलेलं असताना मापाला घेतात. बसल्यावर खालची कड जांघेत आणि वरची बरगडीत घुसते का हे निघायच्या आठवडाभर आधी खुर्चीत बसवून पाहा. घुसत असेल तर ज्यांनी बनवलाय ते कड कापून देतात. गाडीचा पट्टा बेल्टच्या वरून पोटावर नव्हे, तर खाली कमरेच्या हाडांवर. बोचत असेल तर टॉवेलची एकच घडी. "पाठीचं ऑपरेशन आहे म्हणून पट्टा नको" हे चालणार नाही.

---

गादीवाला_धुळे

खचलेली सीट तशीच ठेवून वर काही टाकू नका, वरचंही त्याच आकारात खचतं.

सीट चार बोल्टवर असते, काढून उलटी करा. फोमखाली नागमोडी स्प्रिंगा किंवा तारेची जाळी दिसेल. तिचे हूक निसटलेत का, प्लास्टिकची क्लिप तुटलीय का, तार मधे लांबलीय का ते बघा. मधोमध खचण्याचं कारण दहापैकी आठ वेळा फोम नसून हेच असतं. लांबलेली स्प्रिंग ओढून बसवू नका, बदला. जाळी आणि फोमच्या मधे जाड कॅनव्हास किंवा नमदा घाला. नाहीतर तार फोम कापत वर येते.

फोम तीन थरांत. सगळ्यात खाली २५ मिमी रीबाँडेड (फोमचे तुकडे दाबून बनवलेला), ९०-१०० डेन्सिटीचा. दणका बसला की माणूस तळाला टेकू न देण्याचं काम तो करतो. मधे ४० मिमी एचआर फोम (दबून लगेच मूळ आकारात येणारा), ४० डेन्सिटी. वर १०-१२ मिमी मऊ. तुमच्या सीटचा मूळ फोम किती जाड आहे ते कडेला मोजा, जिथे दबलेला नाही तिथे. नवा एकूण थर त्यापेक्षा २० मिमीच्या वर वाढू देऊ नका. वाढत असेल तर मधला थर कमी करा, खालचा नाही. दुकानदार 'स्पंज' म्हणून १८-२० डेन्सिटीचा पांढरा फोम देतात, तो महिन्यात पापड होतो. हातात घेऊन वजन बघा. ४० चा फोम जाणवण्याइतका जड असतो.

डिंक पातळ मारा आणि दोन्ही बाजू १० मिनिटं सुकू द्या, मग चिकटवा. ओला चिकटवला की गाठी होतात, त्या कडक होऊन हाडाला टोचतात. शिवाय वासाने घाटात मळमळेल, तेव्हा सीट प्रवासाच्या निदान दोन दिवस आधी तयार होऊन उन्हात पडू द्या.

वर रेक्झिन नको. उतारावर घसरतं आणि घामाने चिकटतं. जाड सुती किंवा विणलेलं कापड, शिवण बैठकीच्या मधोमध येणार नाही अशी. दोन्ही बाजूंना ३०-३५ मिमीच्या उंचवट्याच्या पट्ट्या बसवून घ्या, बोलेरोच्या सीटला बाजूचा आधार नसतोच. आणि पुढची कड १०-१५ मिमी उचला, नाहीतर चांदसैलीच्या उतारावर माणूस पुढे घसरतो.

---

फिजिओ_मीनल

गादीवाले भाऊ, पुढच्या कडेबद्दल थोडी हरकत आहे. पुढे उचललं की गुडघे कमरेच्या वर जातात, कंबर गोल होते. फ्युजनच्या वरच्या सांध्यावर, म्हणजे एल३-एल४ वर, त्याचा ताण येतो.

---

गादीवाला_धुळे

ताई, मागे उंच केलं तर उतारावर पाय टेकवून स्वतःला धरावं लागतं, मांड्या आखडतात, आणि तोच ताण कंबरेत जातो. मग बैठक सपाट ठेवू, ना पुढे ना मागे. घसरू नये म्हणून कापड खरखरीत आणि पायाखाली लाकडी पाटी: ३० बाय ४० सेंमी, मागची बाजू ५ सेंमी, पुढची १२ सेंमी, खाली रबराची चटई ठोकून. पाय पूर्ण टेकतील आणि गुडघा कमरेच्या रेषेत राहील.

---

फिजिओ_मीनल

हे चालेल. फक्त पाटीची उंची वडिलांना बसवून ठरवा, मांडीखाली सीटच्या कडेशी दोन बोटं सहज जातील इतकी.

---

सातपुडा_बोलेरो

सगळ्यांचे आभार. रेल्वेचं डोक्यातच आलं नव्हतं, तिकीट बघतो. गाडीला मागे खरंच एक जादा पाटा आहे, कांदा वाहायला टाकलेला. तीन शंका राहिल्यात. हवेवरच्या सीटबद्दल कुणी बोललं नाही. गाडीत चढवायचं कसं, पायरी उंच आहे. आणि घाटात, कच्च्यात चालवायची कशी? चालवणार मीच आहे.

---

पाटे_आणि_शॉकअप

हवेची सीट विसरा. तिच्या खालच्या यंत्रणेलाच बरीच उंची लागते, बोलेरोच्या फरशीवर ठेवली तर वडिलांचं डोकं छताला लागेल. ट्रकमध्ये ती चालते कारण तिथे केबिन उंच. ती चालवणाऱ्याच्या वजनाला जुळवावी लागते, आणि मोठ्या खड्ड्यात यंत्रणा तळाला टेकली की दणका साध्या सीटपेक्षा जोरात येतो. पट्ट्याचे बोल्टही मूळ जागी राहत नाहीत. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीत बदल करायचा तर परवानगीची भानगड. फोम बदलणं वेगळं आणि सीटचा सांगाडा बदलणं वेगळं.

---

घाटचालक

चालवण्याचं मी सांगतो.

खड्डा दिसला की ब्रेक खड्ड्याच्या आधी, आणि चाक खड्ड्यात उतरताना पाय ब्रेकवरून उचललेला. ब्रेक दाबून खड्ड्यात गेलात तर पुढचे स्प्रिंग आधीच दबलेले असतात, त्यांच्यात खायला जागाच उरत नाही. नव्वद टक्के लोक नेमकं उलटं करतात, म्हणून पुढच्या सीटवरच्याला जास्त लागतं.

गतिरोधक आणि रुंद उंचवटा सरळ घ्यायचा, दोन्ही चाकं एकदम, चालण्याच्या वेगाने. एरवी आपण तिरकं घेतो, पण तिरक्यात गाडी डावी-उजवी झोकांडते आणि कंबर पिळली जाते. या रुग्णाला पीळ दणक्याइतकाच वाईट. रस्ता आडवा कापणारा अरुंद चर असेल तर दोन सपाट दगड किंवा फळी टाकून भरून घ्या. सोबत ४ फुटी दोन फळ्या आणि फावडं ठेवा, लाज कसली.

कच्च्यात पहिला गिअर, रिकाम्या अ‍ॅक्सिलेटरवर, क्लच पूर्ण सोडलेला. अर्ध्या क्लचवर गाडी हिसके देते. तुमच्या बोलेरोला लो गिअर (फोर-व्हील गाड्यांत असतो तो जादा हळू गिअर) नाही असं धरतो. असेल तर घाला. ९ किमीला एक तास धरा. पत्र्यासारख्या नालीदार रस्त्यावर "जोरात नेलं की गाडी तरंगते" म्हणणारे भेटतील. ते रिकाम्या जीपवाल्यांचं ज्ञान आहे. पुढचा एक खड्डा चुकला की संपलं.

घाटात गिअरवर उतरा, दुसऱ्यात. वळणाच्या आधी वेग तोडून वळणात एकसारखा ठेवा. अर्ध्या तासाला थांबायचं ते वळणावर नाही, आधी जागा हेरून ठेवा. पावसाळ्यात हा घाट नकोच, दरड येते. एक्स-रे जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर तळोदा किंवा नंदुरबारला खोली घेऊन महिना काढलेला परवडला.

आणि आधी वडिलांशिवाय चाचणी करा. ७० किलोच्या आसपासचा धडधाकट माणूस त्या सीटवर बसवा, फोनमध्ये प्रवेग मोजणारं मोफत अ‍ॅप घ्या, फोन त्याच्या कमरेला पट्ट्याने घट्ट बांधा. त्याच ९ किमीतला एक किलोमीटर, १० च्या वेगाने, आधी ३२ च्या हवेवर, मग २४ वर, मग पोती टाकून. उभ्या दिशेचे सगळ्यात उंच टोक किती वेळा आणि किती वर गेलं ते बघा. स्थिर असताना ९.८ दाखवतो, त्याच्या वर-खाली किती, ते मोजायचं. सीट, हवा, वजन यातलं काय कामाला येतंय हे आकड्यांत दिसतं, अंदाजावर राहायला नको.

---

फिजिओ_मीनल

चाचणीची कल्पना उत्तम. मात्र कुणी इंटरनेटवर ०.५ आणि १.१५ असे कंपनांचे आकडे बघून "आपण मर्यादेत आहोत" म्हणू नका. युरोपातले ते आकडे आठ तास काम करणाऱ्या धडधाकट कामगारांसाठी आहेत. इथे फक्त आधीपेक्षा कमी झालं का एवढंच बघायचं.

चढवणं: सीट आधीच पूर्ण मागे आणि थोडी रेललेली. जमिनीवर १५-२० सेंमी उंचीची, रुंद, न डगमगणारी लाकडी पायरी. प्लास्टिकचा स्टूल नको. वडील गाडीकडे पाठ करून पायरीवर उभे, मागे सीटच्या कडेला हाताने चाचपून बसायचं, मग दोन्ही पाय आणि खांदे एकदम, एक ओंडका वळवावा तसं आत. कापडी सीटवर वळताना कपडे अडकतात, म्हणून बैठकीवर मोठी प्लास्टिकची पिशवी पसरा आणि ते नीट बसले की आठवणीने ओढून काढा, राहिली तर उतारावर घसरतील. वरच्या हँडलला लोंबकळून स्वतःला ओढायचं नाही, त्यात पाठ पिळते. हाताने सीटवर रेटा द्यायचा. उतरताना हेच उलट.

बसल्यावर दाराच्या बाजूला आणि गिअरच्या बाजूला घट्ट गुंडाळलेली चादर, कुल्ल्याच्या उंचीवर. घाटाच्या वळणांत हीच खरी कामाची गोष्ट.

दर २५-३० मिनिटांनी उतरून पाच मिनिटं चालणं. बसल्या जागी दोन्ही पावलं वर-खाली २० वेळा, दर दहा मिनिटांनी. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली आहे त्याच वेळापत्रकाने, निघण्याआधी चुकवू नका.

लोक विसरतात ती गोष्ट संडासाची. वाटेतले सगळे भारतीय पद्धतीचे, आणि त्यांना उकिडवं बसायचं नाहीये. घडीची कमोड खुर्ची बादलीसकट मागे टाका, ती घरीही लागणारच आहे. पाणी कमी पिऊन लघवी टाळू नका.

पाय किंवा पाऊल अचानक उचलेनासं झालं, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर पुढे जायचं नाही, तिथूनच मागे फिरून मणक्याचा सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं. जखमेतून पाणी, ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर मात्र वाट न बघता थेट जवळचं रुग्णालय.

---

वाचक_अक्कलकुवा

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे बायपास झालेल्या काकांना मोलगीकडे न्यायचंय, आणि शेजारी खुब्याचा सांधा बदललेल्या आजी आहेत. त्यांना हेच लागू होईल का?

---

फिजिओ_मीनल

टायर, पाटे, वेग सगळ्यांना सारखं. बाकी वेगळं.

बायपासमध्ये छातीचं हाड जोडलेलं असतं, ते जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे. काकांना मधल्या सीटवर डाव्या बाजूला बसवा, एअरबॅगपासून लांब. पट्टा लावायचाच, छाती आणि पट्ट्याच्या मधे पातळ उशी. खड्डा येताना किंवा खोकला आल्यावर ती उशी दोन्ही हातांनी छातीशी धरायची. हाताने ओढून चढणं अजिबात नाही. गाडी चालवणं किमान सहा आठवडे बंद, पुढचं सर्जन सांगतील.

आजींना सीट उंच हवी. खुबा ९० अंशांच्या पुढे वाकायला नको, गुडघा कमरेच्या खाली. त्यांना मांडीखाली २५ मिमी कडक रीबाँडेड फोम चालेल, पायाखालची पाटी नको. पायावर पाय नाही, पाऊल आत वळवायचं नाही. ज्या बाजूचा खुबा बदललाय तो पाय लांब ठेवायला जागा मिळेल अशी सीट निवडा. मागची समोरासमोरची बाकडी दोघांनाही वर्ज्य.

---

सातपुडा_बोलेरो

जादा पाटा उद्या काढतो. काढल्यावर पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट लांब पडतील ना? की तेच चालतात?

---

पाटे_आणि_शॉकअप

जुने पुन्हा वापरू नका, ताणलेले असतात. एक पाटा कमी झाला की लांबीही जास्त होते आणि आटे संपल्यावर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पाटे ढिलेच राहतात. मूळ मापाचे चार नवे यू-बोल्ट आणि नट घ्या. मधला सेंटर बोल्टही बदला, जुना लांब असेल तर त्याचं टोक खालच्या प्लेटला टेकतं. गाडी चाकांवर उभी असताना चारही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, एक बाजू पूर्ण करून दुसरी नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ५०-१०० किमी फिरवून पुन्हा आवळा. हे वडिलांना आणायच्या आधी व्हायला हवं, म्हणून धुळ्याला सीटचा फोम आणायला जाल त्याच फेरीत उरकून घ्या.